पेट्रोल पोहोचवणं सोपं, अडवणं अवघड

मोटारसायकलच्या टाकीला तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक पडलं आणि पेट्रोल ठिबकू लागलं, की रस्त्याकडेचा जाणता माणूस पहिला सल्ला देतो तो साबण घासण्याचा. सल्ला चुकीचा नाही. साबणाची वडी त्या जागी जोर देऊन घासली की साबण भोकात ठासून बसतो आणि गळती थांबते, निदान मंदावते. साबण पाण्यात विरघळतो, पण निव्वळ पेट्रोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये साबण विरघळू शकतो, त्यामुळे पूर्वीइतका भरवसा धरता येणार नाही. तरी जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हा उपाय अजूनही हाताशी ठेवण्याजोगा आहे.

या उपायातली मला सगळ्यात चांगली वाटणारी गोष्ट ही, की तो टिकत नाही. साबण लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की पावसाची पहिली सर आली की हे धुऊन जाणार. म्हणून तो गॅरेज गाठतो. खरा धोका टिकल्यासारख्या दिसणाऱ्या उपायांत असतो. कॉकखाली तारेनं आवळलेली सलाइनची नळी, स्क्रू ठोकून बंद केलेला ओव्हरफ्लो पाइप, एपॉक्सीच्या लगद्यानं लिंपलेला सांधा, थेट बॅटरीला जोडलेला पंप. गाडी चालू होते, दुसऱ्या दिवशीही चालू होते, आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत तोच उपाय वर्षभर गाडीवर राहतो.

हे करणाऱ्याला नावं ठेवावीत असं मला मुळीच वाटत नाही. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघणाऱ्याची गाडी बंद पडली तर त्या दिवसाची कमाई जाते. आडगावात हवा तो सुटा भाग मिळायला दोन-दोन दिवस लागतात. हाताशी असेल त्यातून गाडी चालती करणं हे कसबच आहे. चेन, क्लचची केबल, मडगार्ड यांची चलाऊ दुरुस्ती फसली तर बहुतेक वेळा माणूस रस्त्यात अडकून पडतो, इतकंच. पेट्रोलच्या वाटेवरची दुरुस्ती फसण्याची जात वेगळी आहे, आणि तिचं कारण पेट्रोलच्या स्वभावात आहे.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. डिझेल किंवा रॉकेल साध्या तापमानाला इतकी वाफ सोडत नाही की काडी दाखवताच ती भडकावी. पेट्रोल मात्र शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडत असतं. म्हणजे लडाखच्या हिवाळ्यातही ते पेटतं, मग मराठवाड्यातल्या मे महिन्याची गोष्टच नको. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली उतरते, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि कोपऱ्यात साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असलं की मिश्रण पेटू शकतं. त्याला लागणारी ठिणगीही क्षुल्लक असते, एका मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्शाइतकी. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावल्यावर बोटाला जो झटका जाणवतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असते.

हे आकडे प्रत्यक्ष गाडीवर मांडून पाहण्यासारखे आहेत. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती अंदाजे २०० लिटर जागा व्यापते. ती पेटू शकेल इतपतच पातळ होऊन हवेत मिसळली, तर सुमारे १४ घनमीटर मिश्रण तयार होतं. दहा बाय दहाच्या खोलीचा हा जवळजवळ अर्धा भाग. आता कॉकच्या खालून सेकंदाला एक थेंब या गतीनं गळणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो, तरी रात्रीच्या आठ तासांत अर्धा लिटर सहज गळून जाईल. सकाळी खाली ओल दिसत नाही, कारण पेट्रोल उडून गेलेलं असतं. मालकाला वाटतं, गळती किरकोळ आहे.

आणि ही गाडी रात्री कुठे उभी असते? गावाकडे ओसरीत किंवा पडवीत, पलीकडे चूल. शहरात इमारतीच्या जिन्याखाली, बहुतेकदा विजेच्या मीटरांच्या शेजारी. मीटरच्या खोक्यात सैल तारेवर ठिणगी उडायला काही लागत नाही, आणि आग लागली तर बाहेर पडायचा जिना तोच. जिन्याखाली पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी कुणाचीही असो, ती बाहेर काढायला लावणं हा प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे असं मी मानतो.

चालत्या गाडीवर ठिणगी कुठून येते, याबद्दल एक समज फार पसरलेला आहे. लोकांना भीती वाटते ती तापलेल्या सायलेन्सरची. त्याच्यावर पेट्रोल पडलं की भडका, असं चित्र मनात असतं. प्रत्यक्षात उघड्या हवेत गरम पृष्ठभागावर पडलेलं पेट्रोल बऱ्याचदा चर्रकन उडून जातं. पेट्रोलची वाफ आपोआप पेटण्याचं तापमान प्रयोगशाळेतल्या बंद भांड्यात २५० ते २८० अंशांच्या आसपास मोजलं जातं. पण मोकळ्या हवेत, वाहत्या वाऱ्यात, वाफ त्या धातूजवळ पुरेसा वेळ थांबत नाही, त्यामुळे पृष्ठभाग याहून कितीतरी जास्त तापलेला असावा लागतो. इंजिनातून निघणाऱ्या नळीचा पहिला वाकणाचा भाग चढावर, जड ओझ्यासह, तेवढा तापू शकतो. एरवी तापत नाही. या माहितीनं हायसं वाटण्यापेक्षा काळजी वाढायला हवी. कारण एकदा, दोनदा, दहादा सायलेन्सरवर पेट्रोल पडूनही काही झालं नाही, की माणूस ठरवून टाकतो की ही गळती चालण्यासारखी आहे. आणि मग अकराव्या वेळी प्लगच्या तडा गेलेल्या टोपीतून इंजिनाच्या पंख्यांवर ठिणगी उडी मारते, किंवा बॅटरीचा सैल स्क्रू, ब्रेकच्या दिव्याचा स्विच, सेल्फचा रिले यांपैकी काहीतरी ते काम करतं. मोटारसायकलवर हे सारं टाकीपासून हातभर अंतरात असतं, आणि टाकी चालवणाऱ्याच्या दोन मांड्यांमध्ये.

आता पेट्रोल कोणत्या वाटेनं जातं ते पाहू. कार्बोरेटरच्या गाडीत ती अगदी साधी आहे: टाकी, कॉक, रबरी पाइप, कार्बोरेटर. पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली येतं. या साधेपणामुळेच लोकांना वाटतं की इथे काहीही चालेल, नळीला नळी जोडली की झालं. पण या वाटेवरचा प्रत्येक भाग दोन कामं करतो. एक, पेट्रोल पुढे पोहोचवणं. दुसरं, ते नको तेव्हा अडवणं, आणि अडवणं जमलं नाही तर ते माणसाला दिसेल अशा जागी सोडणं. चलाऊ दुरुस्ती करणारा पहिल्या कामाची काळजी घेतो, कारण त्याशिवाय गाडी चालू होत नाही. दुसरं काम बंद पडलं तरी गाडी चालतच राहते, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे कार्बोरेटरचा ओव्हरफ्लो पाइप. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल भरत आलं की फ्लोट वर येतो आणि एका टोकदार नीडलनं वरचं छिद्र बंद करतो. गंजाचा कण त्या छिद्राच्या तोंडाशी अडकला, नीडलचं टोक झिजलं किंवा फ्लोटला चीर पडून त्यात पेट्रोल शिरलं, की छिद्र नीट बंद होत नाही आणि पेट्रोल येतच राहतं. गॅरेजच्या भाषेत कार्बोरेटर ओव्हर होतो. अशा वेळी वाढलेलं पेट्रोल बाऊलमधल्या उभ्या नळीवरून खाली सांडतं आणि बाहेरच्या पाइपातून जमिनीवर पडतं. पाइप गळतोय असं आपण म्हणतो, पण पाइप त्याचं काम चोख करत असतो. बिघाड वर आहे, हे तो सांगतो.

पाइपाच्या तोंडात स्क्रू, आगकाडी किंवा प्लॅस्टिकची गुंडाळी ठोकून तो बंद केला की जमिनीवर पडणारं पेट्रोल थांबतं. पण नीडल तशीच उघडी असते, टाकी वर असते, आणि पेट्रोलला कुठेतरी जायचं असतंच. बाऊल काठोकाठ भरतो, पेट्रोल जेटमधून वर चढतं, आणि कार्बोरेटर ज्या बाजूला झुकलेला असेल तिकडे वाहू लागतं. एका बाजूला एअर फिल्टर आहे. त्याचा स्पंज पेट्रोलनं भिजतो आणि पुढच्या वेळी इंजिनानं उलटा भडका मारला तर आग तिथूनच सुरू होऊ शकते. दुसऱ्या बाजूला इंजिन. झडप उघडी असलेल्या स्थितीत इंजिन थांबलेलं असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून इंजिन ऑइलमध्ये.

ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल ही हळू मारणारी गोष्ट आहे. १०० सीसीच्या गाडीत ऑइल असतं लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी. त्यात पावशेर पेट्रोल मिसळलं तर ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि क्रँक, कॅम, पिस्टन यांच्यावरचा तेलाचा थर तुटतो. मालकाला उलट वाटतं की ऑइल छान आहे, कारण पट्टी काढून पाहिली तर पातळी चढलेली दिसते. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते बोटावर घेऊन वास घ्यावा. ऑइल आपोआप कधीच वाढत नाही.

सिलिंडरमध्ये साचलेल्या पेट्रोलचा हिशोब तर आणखी सरळ आहे. १०० सीसीच्या इंजिनात पिस्टन पूर्ण वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर ११-१२ मिलीलिटर जागा उरते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्या जागेपेक्षा जास्त पेट्रोल वर साचलेलं असताना झडपा बंद होऊन पिस्टन वर निघाला तर तो मध्येच अडतो. किक मारणाऱ्याला पायाला जाणवतं की काहीतरी अडलंय. सेल्फचं बटण दाबणाऱ्याला ते जाणवत नाही. कनेक्टिंग रॉड वाकला तरच कळतं. नवी नीडल आणि कार्बोरेटरची साफसफाई यांचा खर्च या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

अशीच गत कॉकची. कार्बोरेटरच्या काही स्कूटर आणि मोटारसायकलींना व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो. इंजिन फिरत असेल तरच तो उघडतो, बंद पडलं की आपोआप मिटतो. त्यातला पातळ पडदा फाटला की पेट्रोल येणं बंद होतं, किंवा फाटलेल्या पडद्यातून व्हॅक्यूमच्याच नळीनं ते इंजिनात ओढलं जातं. रस्त्यावरचा झटपट उपाय म्हणजे कॉक वगळून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सरळ नळी. गाडी धावते. पण आता गाडी उभी असतानाही टाकीभर पेट्रोल त्या एका नीडलच्या टोकावर थोपलेलं आहे. दोन दारांपैकी एक काढून टाकलं, आणि उरलेल्याला कडी आहे की नाही ते कुणी पाहिलेलं नाही.

पाइपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चलाऊ दुरुस्त्या इथेच होतात. मूळ पाइप काळा, रबरी असतो; त्याचं रबर पेट्रोल सहन करील असं खास बनवलेलं असतं. त्याच्या जागी येतात त्या पारदर्शक नळ्या: सलाइनची, गवंडी पातळी बघायला वापरतात ती, किंवा फिशटँकमधली. या नळ्या सामान्यतः पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मऊपणा आणणारी द्रव्यं मिसळून नळी लवचिक केलेली असते. पेट्रोल नेमकी हीच द्रव्यं विरघळवून काढून घेतं. पहिले काही दिवस नळी छान मऊ, आतलं पेट्रोल दिसतंय म्हणून मालक खूश. मग ती पिवळट पडते, कडक होते, आकसते, आणि एक दिवस कार्बोरेटरच्या तोटीवरून निसटते किंवा वाकणावर तडकते. इंजिनाच्या उष्णतेनं हे आणखी लवकर होतं. जी द्रव्यं विरघळून गेली ती कुठे गेली? कार्बोरेटरमध्ये, जेटच्या केसाएवढ्या छिद्रांकडे.

नळी आवळायला बांधकामाची तार वापरली की ती रबरात रुतते आणि महिन्या-दोन महिन्यांत पाइप कापते. प्लॅस्टिकची पट्टी सगळीकडून सारखा दाब देत नाही, तिच्या कुलपाजवळ बारीक फट राहतेच. मूळची स्प्रिंगची क्लिप दिसायला किरकोळ असते, पण रबर जुनं होऊन थोडं बसलं तरी ती आपणहून आवळलेली राहते. सायकलच्या ट्यूबची पट्टी हा तर पेट्रोलशी भिडवण्याचा सगळ्यात वाईट पदार्थ. ते रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि चिकट होऊन सुटतं.

यात गेल्या काही वर्षांत इथेनॉलची भर पडली आहे. देशात १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२२ मध्ये सर्वत्र झालं, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या मात्र त्याआधीच्या आहेत. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत वीस-पंचवीस वर्षांच्या स्प्लेंडर आणि बॉक्सर आजही रोज कामाला जुंपलेल्या दिसतात. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचं काही रबर फुगतं, मग सुकताना चिरतं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. टाकी गंजते ती तळातून, शिवणीजवळ, ती याच कारणानं. म्हणजे जुन्या गाडीचा मूळ पाइपसुद्धा आता आधीपेक्षा लवकर तपासून बदलायला हवा. तिथे सलाइनची नळी लावणं म्हणजे आधीच कमी झालेली मुदत आणखी कापणं.

सीलंट आणि टेपबद्दल एवढंच सांगतो. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, त्याचे तुकडे पुढे जाऊन जेट बंद करतात. नळकाम करणाऱ्यांच्या पांढऱ्या टेपचे धागेही तेच करतात. झटपट चिकटवणारा गोंद कंपनांनी तडकतो. एपॉक्सीचा लगदा चांगला बसतो, पण कोरड्या, घासून चकचकीत केलेल्या, तेलकटपणा नसलेल्या पत्र्यावर, आणि पूर्ण कडक व्हायला वेळ दिला तर. गळत्या, ओल्या भोकावर दाबलेला लगदा वरून दगडासारखा दिसतो आणि खाली पेट्रोलच्या पातळ थरावर नुसता टेकलेला असतो.

टाकीच काढून ठेवावी लागली किंवा कॉक पूर्ण बंद पडला, तर हँडलला पाण्याची प्लॅस्टिकची बाटली टांगून तिच्या बुडाला नळी लावायची पद्धत आहे. गॅरेजमध्ये इंजिन तपासायला मेस्त्री क्षणभर असं करतो, ते एक वेळ समजू शकतं. पण अशी बाटली लावून लोक गावातून गावाला जातात. खड्ड्यात बाटली हिंदकळते, तोंड सैल, खाली तापलेलं इंजिन, आणि पडलं तर लिटरभर पेट्रोल छातीवर. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानं परवान्याशिवाय जवळ ठेवायच्या पेट्रोलसाठी एकूण ३० लिटरची मर्यादा घातली आणि भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा धातूचं, घट्ट बुचाचं असावं असं सांगितलं. काच आणि चिनीमातीसाठी एक लिटरचीच मुभा. पाण्याची पातळ बाटली या वर्णनात कुठेच बसत नाही.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांवर कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इथे जुन्या सवयी फारच घातक ठरतात, कारण दाबाचं गणित पूर्ण बदललेलं आहे. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीतलं पेट्रोल फूटभर उंचीवरून येतं. त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन टक्के. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला विजेचा पंप पेट्रोल अडीच ते तीन पट वातावरणाच्या दाबानं ढकलतो, म्हणजे शंभरपटींहून जास्त. जुना पाइप सुटला तर पेट्रोल ठिबकतं; हा सुटला किंवा त्याला बारीक चीर पडली तर फवारा उडतो, आणि फवाऱ्याचं धुकं द्रवापेक्षा कितीतरी सहज पेटतं. म्हणून इंजेक्शनचा पाइप वेगळ्या दर्जाचा असतो, त्याच्या टोकांना कुलपाची जोडणी असते. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या पाइपाचा दर्जा आणखी वेगळा, कारण त्याला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून पेट्रोल लागतं. बाहेरचा चांगला पाइप आत घातला तरी त्याची वरची साल काही दिवसांत सुटू लागते आणि पंपाची जाळी भरते. इंजिन बंद केल्यावरही वाटेत दाब राहतो, हेही पाइप ओढून काढणाऱ्याला माहीत हवं.

पंप चालत नाही म्हणून त्याला थेट बॅटरीतून तार देणारे मी पाहिले आहेत. गाडी खरंच चालू होते. पण मूळ जोडणीत पंपाचा ताबा कॉम्प्युटरकडे असतो: इंजिन फिरणं थांबलं की तो पंप बंद करतो, आणि गाडी आडवी पडली की झुकाव ओळखणाऱ्या सेन्सरच्या सांगण्यावरून इंजिन आणि पंप दोन्ही थांबवतो. थेट तार जोडली की हे सारं वगळलं जातं. अपघातात गाडी रस्त्यावर पडली, पाइप तुटला, माणूस खाली अडकला, आणि पंप त्याच्या शेजारी पेट्रोल फेकत राहिला, असं होऊ शकतं. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालणं हा याच दुरुस्तीचा भाऊ.

सगळ्यात जास्त जीव जायची शक्यता मात्र वेल्डिंगमध्ये आहे, आणि तिथे सावध करायला कितीही शब्द खर्च केले तरी मला थोडेच वाटतील. टाकीचं भोक बुजवायला माणूस टाकी रिकामी करतो, उन्हात ठेवतो, हुंगून बघतो आणि वेल्डरकडे नेतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर जी वाफ असते ती सहसा इतकी दाट असते की तिला जळायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत हवा भरपूर, वाफ थोडी, म्हणजे नेमकं पेटणारं मिश्रण. दहा लिटरच्या टाकीत असं मिश्रण तयार व्हायला पाऊण ते पावणेचार मिलीलिटर पेट्रोल पुरतं, चहाच्या चमचाभराहूनही कमी. तेवढं पेट्रोल शिवणीच्या फटीत आणि आतल्या गंजाच्या पापुद्र्यांत लपून राहतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं बाहेर येतं. बंद भांड्यात असं मिश्रण पेटलं तर दाब वातावरणाच्या सात-आठ पट होऊ शकतो. टाकीचा पत्रा तो सोसत नाही, आणि वेल्डरचं तोंड टाकीवर वाकलेलं असतं.

सायलेन्सरचा धूर नळीनं टाकीत सोडून हवा घालवायची एक पद्धत काही ठिकाणी सांगितली जाते. त्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे डोळ्यांना कळत नाही, आणि नळी काढली की हवा पुन्हा आत. यावर भिस्त ठेवू नये. जाणकार वेल्डर कॉक आणि झाकण काढतो, टाकी गरम पाण्यानं आणि साबणसोड्यानं अनेकदा धुतो, शक्य असेल तर वाफ सोडतो, आणि मग काम करायच्या जागेच्या अगदी खालपर्यंत पाणी भरून, तोंड उघडं ठेवून वेल्डिंग करतो. किंवा आत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन अथवा आर्गॉन सोडत राहतो. हे करायची तयारी नसलेल्या माणसानं टाकीला ज्योत लावूच नये. आणि तळ आतून गंजलेला असेल तर एक भोक बुजवून उपयोग नाही, शेजारी दुसरं तयार होतच असतं. तिथे दुसरी टाकी घेणं हीच दुरुस्ती.

तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढणं हेही याच घरातलं. घोटभर पेट्रोल पोटात गेलं तर त्रास होतो, पण खरा घात ते श्वासनलिकेत गेल्यानं होतो. पेट्रोल इतकं पातळ आणि पसरणारं असतं की थोडंसंही फुप्फुसात खोल जाऊन तिथे रासायनिक सूज आणतं. म्हणून पेट्रोल गिळलेल्या माणसाला उलटी करायला लावायची नाही. वर येताना ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला सरळ दवाखान्यात न्यायचं. नळीचा हातपंप किंवा कार्बोरेटरचा निचऱ्याचा स्क्रू असताना तोंड वापरायची गरजच नाही.

मग रस्त्यात अडकल्यावर काय करावं? कार्बोरेटरच्या गाडीला कॉक असेल तर तो आधी बंद करावा, किल्ली काढावी, गाडी सावलीत, पण घरापासून आणि टपरीच्या शेगडीपासून लांब घ्यावी. टाकीच्या बारीक भोकाला साबण, आणि टाकी जमेल तितकी रिकामी. पाइप टोकाशी चिरला असेल आणि तो पुरेसा लांब असेल तर चिरलेला भाग कापून उरलेला पाइप मूळ क्लिपनंच पुन्हा बसवावा. ही खरं तर पूर्ण दुरुस्तीच आहे, फक्त पाइप ताणला जायला नको किंवा इंजिनाला टेकायला नको. कार्बोरेटर ओव्हर होत असेल तर पाइप बंद न करता कॉक बंद करून बाऊलवर पान्याच्या मुठीनं हलकेच ठोकावं. अडकलेली नीडल पुष्कळदा एवढ्यानं बसते. इंजेक्शनच्या गाडीची गळती रस्त्यात दुरुस्त करायचा प्रयत्न करू नये. ती ढकलत न्यावी किंवा टेम्पोत घालावी.

आग लागलीच तर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते पाण्यावर पसरून आग सोबत नेतं. कोरड्या पावडरचा अग्निशामक, नाहीतर वाळू किंवा माती. टाकीचं झाकण उघडायला जाऊ नये. एकदा आग टाकीपर्यंत पोहोचली की गाडी सोडावी आणि माणसं लांब करावीत. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, त्यावर टूथपेस्ट किंवा हळद नाही. आणि नुसतं पेट्रोल अंगावर सांडलं असेल, आग नसेल, तर पॉलिएस्टरचे कपडे झटकन ओढून काढू नयेत. त्या घासण्यातूनही ठिणगी उडू शकते. आधी कपड्यांवर भरपूर पाणी ओतावं, मग ते काढावेत.